चालू खात्यात रोज उलाढाल आहे, मग सगळी शिल्लक ‘ऑपरेशनल’ का धरायची नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका व्यापारी बँकेच्या नागपूर विभागीय कार्यालयातल्या अधिकाऱ्याकडे मुंबईच्या मुख्य कार्यालयातून एक्सेल शीट आली आहे. मोठ्या संस्थात्मक खात्यांची यादी, प्रत्येकापुढे ‘ऑपरेशनल’ की ‘नॉन-ऑपरेशनल’ लिहायचं आणि शेजारी रक्कम भरायची. यादीत बुटीबोरीतली एक कारखानदार कंपनी आहे, विदर्भभर लहान कर्जं वाटणारी एक एनबीएफसी (बँक नसलेली वित्त कंपनी) आहे, एक नागरी सहकारी बँक आणि एक शिक्षण संस्था आहे. ते विचारतात, “सगळी चालू खाती आहेत, रोज व्यवहार होतात, वर्षानुवर्षं आमच्याकडेच आहेत. सरसकट ऑपरेशनल लिहिलं तर काय बिघडतं? शाखेवालेही तेच म्हणतात.”

शाखेवाले तेच म्हणणार, भाऊ. त्या रकान्याचं पुढे काय होतं हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. मी बरीच वर्षं ट्रेझरी आणि एएलएममध्ये (बँकेची मालमत्ता आणि देणी यांचा मेळ राखणारा विभाग) काढली आहेत आणि हाच गोंधळ जवळजवळ प्रत्येक विभागातून आलेला पाहिला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुळात प्रश्न खात्याच्या प्रकाराचा नाहीच. प्रश्न असा आहे: उद्या सकाळी तुमच्या बँकेबद्दल वाईट बातमी आली, तर या खात्यातले किती रुपये ग्राहकाला पुढच्या ३० दिवसांत हलवता येणार नाहीत, कारण ते हलवले तर त्याचं स्वतःचंच काम अडेल? तेवढेच रुपये ऑपरेशनल. बाकीचे रुपये त्याच खात्यात, त्याच पासबुकात असले तरी नाहीत. म्हणजे एका खात्यापुढे एक शब्द लिहून भागत नाही. एकाच शिल्लकेचे दोन तुकडे करावे लागतात.

पार्श्वभूमी तुम्हाला ठाऊक असेलच, तरी दोन ओळी. हे वर्गीकरण एलसीआरसाठी (लिक्विडिटी कव्हरेज रेशो) लागतं. एलसीआर म्हणजे बँकेकडची चटकन विकता किंवा गहाण ठेवता येणारी उत्तम मालमत्ता, भागिले ताणाच्या ३० दिवसांत बाहेर जाणाऱ्या पैशाचा निव्वळ अपेक्षित ओघ. बँकांसाठी आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या बासल समितीने जानेवारी २०१३ मध्ये हे मानक पक्कं केलं, रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक ९ जून २०१४ चं. १ जानेवारी २०१५ पासून ६० टक्के, मग दरवर्षी दहा-दहाने वाढत २०१९ पासून १०० टक्के. कोविडमध्ये काही काळ ८० पर्यंत सूट होती, १ एप्रिल २०२१ पासून पुन्हा १००. भागाकाराच्या खालच्या बाजूला प्रत्येक ठेवीला एक रन-ऑफ दर लागतो, म्हणजे ताणात त्यातला किती टक्के भाग निघून जाईल असं गृहीत धरायचं. तुमची शीट त्या खालच्या बाजूला जाऊन बसते.

आता दर पाहा, म्हणजे मोह कुठे आहे ते कळेल. पात्र ऑपरेशनल ठेवीला २५ टक्के. बिगर-वित्तीय कंपनीच्या साध्या ठेवीला ४० टक्के. आणि बँका, विमा कंपन्या, एनबीएफसी अशा वित्तीय संस्थांच्या साध्या ठेवीला १०० टक्के. ऑपरेशनल ठेवीचा जो भाग ठेव विम्यात पूर्ण बसतो त्याला ५ टक्के धरता येतात. पण आपल्याकडे विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून ₹५ लाख आहे. कोट्यवधींच्या खात्यात ती चिल्लर आहे, तिच्यामागे वेळ घालवू नका. खरा फरक कारखान्याच्या खात्यात १५ टक्क्यांचा आहे आणि एनबीएफसीच्या खात्यात ७५ टक्क्यांचा. चुकीचं लेबल सगळ्यात महाग कुठे पडतं हे त्यावरून ठरवा आणि तुमची मेहनत तिथे लावा.

त्याआधी एक चाळणी. यादीतली काही खाती मुळात या प्रश्नात यायलाच नकोत. कळमन्याचा अडत्या किंवा गांधीबागेतला कापडाचा व्यापारी, ज्याच्या सगळ्या ठेवी मिळून ₹७.५ कोटींच्या आत आहेत आणि ज्याला बँक किरकोळ ग्राहकासारखंच हाताळते, तो ‘लघुउद्योग ग्राहक’ म्हणून किरकोळ ठेवींच्या गटात जातो. ही मर्यादा आधी ₹५ कोटी होती, जानेवारी २०२२ मध्ये वाढवली. तिथे दर मार्च २०२६ पर्यंत ५ किंवा १० टक्के होते, म्हणजे ऑपरेशनलपेक्षाही कमी. त्याला ऑपरेशनल ठरवायला धडपडणं म्हणजे स्वतःचंच नुकसान. तसंच कामगारांची सॅलरी अकाउंट्स. ती त्या-त्या माणसाची किरकोळ ठेव आहे. पगार वाटण्यासाठी कंपनीने भरलेलं खातं वेगळं आणि पगार जमा झालेली खाती वेगळी. शाखेकडून येणाऱ्या याद्यांत ही दोन्ही एकत्र कालवलेली असतात.

आता अटी. बासलच्या मजकुरात तीनच कामं पात्र आहेत: क्लिअरिंग (देणी-घेणी मिटवणं), कस्टडी (रोखे सांभाळणं) आणि कॅश मॅनेजमेंट. कॅश मॅनेजमेंटमध्ये पैसे पाठवणं, वसुली गोळा करणं, पगारवाटप आणि देयकांवर नियंत्रण येतं. त्यातही ग्राहक या कामासाठी तुमच्या बँकेवर खरोखर अवलंबून हवा, लेखी आणि कायद्याने बांधील करार हवा, आणि तो करार मोडायला किमान ३० दिवसांची नोटीस तरी हवी किंवा मध्येच खातं हलवलं तर ग्राहकाला मोठा खर्च तरी पडायला हवा.

यातली ‘अवलंबून’ ही अट सगळ्यात ढिली वाचली जाते. ग्राहकाकडे दुसऱ्या बँकेत तयार पर्याय आहे हे तुम्हाला माहीत असेल, तर अट पूर्ण होत नाही. मी विचारतो ते असं: कंपनीच्या ईआरपीतून (हिशेबाच्या संगणक प्रणालीतून) पगाराची फाइल तुमच्याच होस्ट-टू-होस्ट, म्हणजे यंत्रणेला यंत्रणा थेट जोडलेल्या, जोडणीवरून जाते का? कोणाकडून पैसे आले ते ओळखायला कंपनीने आपल्या ग्राहकांना दिलेले व्हर्च्युअल खाते क्रमांक तुमचे आहेत का? की अकाउंटंट नेट बँकिंगमध्ये लॉगिन करून एक्सेल अपलोड करतो? दुसऱ्या प्रकारात त्याला बँक बदलायला एक दुपार पुरते.

आणि तांत्रिक जोडणी असली म्हणजे ग्राहक बांधला गेला, असंही सरसकट मानू नका. ५ मार्च २०२० ला येस बँकेवर निर्बंध आले, तेव्हा तिच्यामार्फत यूपीआय चालवणारं फोनपे त्याच रात्री अडकलं. साधारण दिवसभरातच ते आयसीआयसीआय बँकेच्या आधाराने पुन्हा सुरू झालं. कागदावर याहून घट्ट तांत्रिक अवलंबन शोधून सापडलं नसतं. गरज पडली की लोक फार वेगाने हलतात, आणि १४ डिसेंबर २०२० पासून आरटीजीएसही चोवीस तास चालू आहे, म्हणजे रविवारी रात्रीसुद्धा. म्हणून ‘खर्च पडेल’ या वाक्यामागे मी आकडा मागतो: कराराप्रमाणे मुदतपूर्व शुल्क किती, नवीन जोडणीला आयटीचा खर्च किती, एनएसीएचचे (खात्यातून आपोआप वसुलीचे) आदेश नव्याने नोंदवायचे तर किती. आकडा नसेल तर नोटिशीचं कलम दाखवा. दोन्ही नसेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

व्याजाची अट आपल्याकडे अर्धी आपोआप पूर्ण होते. जादा पैसा खात्यात ठेवावा असं आर्थिक आमिष ग्राहकाला नसावं, असं मानक म्हणतं. भारतात चालू खात्यावर व्याज द्यायला रिझर्व्ह बँकेची मनाईच आहे, त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं इथे प्रश्नच नाही. पण स्वीप पाहा. चालू खात्यात ठरावीक रकमेवर गेलं की आपोआप एफडी, गरज पडली की आपोआप मोड. ती स्वीप झालेली रक्कम व्याजासाठी बसली आहे, ती ऑपरेशनल नाही. शिल्लकेच्या बदल्यात शुल्कमाफी किंवा कर्जाच्या दरात सवलत दिली असेल तर तेही आमिषच. आणि ‘मार्च एंडिंग’चा पैसा, म्हणजे शाखाधिकाऱ्याने ३१ तारखेला फोन करून “साहेब, दोन दिवस ठेवा ना” म्हणून आणलेला, तो सेवेतून सहज साचलेला नसून मागून आणलेला असतो. तो या रकान्यात कधीच बसत नाही, मग ग्राहक कितीही जुना असो.

इथवर सगळ्यांची बहुधा सहमती होते. भांडण सुरू होतं अतिरिक्त शिल्लक काढताना.

मानकाचं वाक्य कडक आहे: जी रक्कम काढून नेली तरी ग्राहकाचं काम चालू राहील, ती अतिरिक्त, आणि तिला २५ टक्के मिळत नाहीत. बँकेला अतिरिक्त किती ते ठरवता आलं नाही, तर अख्खी ठेव अतिरिक्त धरायची. म्हणजे पुरावा देण्याचं ओझं आपल्यावर. सूत्र मात्र दिलेलं नाही, पद्धत बँकेने ठरवायची, आणि ती पुरेशी बारकाईची हवी. खात्यातली शिल्लक आणि त्यातून होणारी देयकं यांचं गुणोत्तर पाहा, एवढं मानक सुचवतं.

जुने बँकर इथे एक युक्तिवाद करतात आणि तो ऐकायला इतका बरोबर वाटतो की मीटिंगमध्ये सगळे माना डोलावतात: “वर्षभरात या खात्याची शिल्लक नऊ कोटींच्या खाली कधी गेलीच नाही. म्हणजे नऊ कोटी पक्के. तेवढे ऑपरेशनल लिहा.” याच्या नेमकं उलट आहे. जे नऊ कोटी वर्षभरात एकदाही लागले नाहीत, ते कंपनीच्या कामाला लागत नाहीत हेच त्यातून सिद्ध झालं. ते उद्या काढून नेले तर पगार थांबणार नाही, पुरवठादार थांबणार नाही. व्याख्येप्रमाणे तोच अतिरिक्त भाग. हा गोंधळ एएलएमच्या दुसऱ्या तक्त्यामुळे होतो. संरचनात्मक तरलता विवरणपत्रात चालू ठेवींचा सर्वसाधारणपणे १५ टक्के भाग अस्थिर आणि उरलेला स्थिर धरून एक ते तीन वर्षांच्या गटात टाकायची सवय आपल्याला लागलेली आहे. तिथे प्रश्न नेहमीच्या दिवसांतल्या वागण्याचा आहे. एलसीआरमध्ये प्रश्न घबराटीतल्या वागण्याचा आहे. अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतही नवउद्योगांची रोजच्या व्यवहाराची आणि पगाराची खाती होती. पण त्याच खात्यांत गुंतवणूकदारांकडून उभारलेला पैसाही पडून होता, आणि ९ मार्च २०२३ या एका दिवसात ४२ अब्ज डॉलर बाहेर गेले. (त्या बँकेला एलसीआरचा नियम लागूच नव्हता, तो वेगळा विषय.)

तर बुटीबोरीच्या कंपनीचं गणित मी कसं करीन ते सांगतो. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत.

सरासरी शिल्लक ₹१८ कोटी. किमान बारा महिन्यांची रोजची उलाढाल मागवा, जमलं तर दोन वर्षांची, म्हणजे दिवाळी बोनसचा महिना दोनदा दिसेल. आता नावे पडलेल्या नोंदी एकेक करून पाहा. महिन्याच्या १ तारखेपासून पुरवठादारांचे आरटीजीएस आहेत. ७ तारखेला पगाराची एकच मोठी नोंद आणि त्याच दिवशी टीडीएस. १५ तारखेपर्यंत पीएफ आणि ईएसआयसी, २० तारखेला जीएसटी, मध्ये कुठेतरी वीजबिल. हे खरं काम. त्याच यादीत २५ तारखेच्या सुमारास ₹४ कोटी म्युच्युअल फंडाच्या लिक्विड योजनेत गेलेले दिसतील, समूहातल्या दुसऱ्या कंपनीला ₹२ कोटी दिसतील, एफडी केलेली दिसेल. या नोंदी गाळा. लिक्विड फंडाची नोंद तर सोन्यासारखी: जादा पैसा कुठे आणि किती दिवसांत न्यायचा हे या ग्राहकाला नीट माहीत आहे, असं ती सांगते. तुमच्याच बँकेच्या कर्जाचा हप्ताही मी गाळतो, कारण त्यासाठी तिसऱ्या कुणाला पैसे पोचवण्याची सेवा आपण देत नाही.

उरलेल्या देयकांची महिन्याची बेरीज समजा ₹६० कोटी. पण म्हणून ६० कोटींची शिल्लक लागते असं नाही, कारण जमाही रोज येते. लागते ती जमा आणि देणं यांतल्या अंतराची रक्कम. रोजची निव्वळ बेरीज-वजाबाकी मांडत जा आणि एका चक्रात सगळ्यात खोल खड्डा किती पडतो ते पाहा. या कंपनीत तो १ ते १० तारखेच्या दरम्यान पडतो, कारण पगार आणि टीडीएस आधी जातात आणि ग्राहकांचे पैसे पंधरवड्यानंतर येतात. बारा महिन्यांतले बारा खड्डे काढले, सगळ्यात मोठा बोनसचा. तो एकटा धरू नका, सरासरीही धरू नका. वरच्या टोकाच्या जवळचा, पण अपवाद वगळलेला आकडा घ्या. समजा ₹५.५ कोटी आला.

म्हणजे ५.५ कोटी ऑपरेशनल, उरलेले १२.५ कोटी साधे. ओघ: ५.५ चे २५ टक्के १.३७५ कोटी, १२.५ चे ४० टक्के ५ कोटी, एकूण ६.३७५ कोटी. सगळी शिल्लक साधी धरली असती तर ७.२ कोटी, सगळी ऑपरेशनल धरली असती तर ४.५ कोटी. एवढा खटाटोप करून सगळी साधी धरण्याच्या तुलनेत हाती आला ₹८२.५ लाखांचा फायदा. एका मध्यम कंपनीसाठी हा फायदा नोंदी ठेवण्याच्या खर्चाच्या लायकीचा आहे का, हा मुख्य कार्यालयाने विचारायचा प्रश्न आहे. माझं मत विचाराल तर अशा दहा-पंधरा कंपन्या एकाच पद्धतीने, यंत्रणेतून आपोआप मोजता येत असतील तरच करावं. हाताने एक्सेलवर करायचं असेल तर सरळ ४० टक्के लावून मोकळं व्हावं.

आणखी एक. हा ५.५ चा आकडा ही कमाल मर्यादा आहे. २१ तारखेला, जीएसटी भरल्यावर, खात्यात प्रत्यक्ष ₹३ कोटीच असतील तर त्या दिवशी ऑपरेशनल ३ कोटीच. एलसीआर रोज मोजायचा असतो आणि २०१७ पासून प्रकटीकरणही तिमाहीतल्या रोजच्या आकड्यांच्या सरासरीने होतं, त्यामुळे महिनाअखेरची एक शिल्लक घेऊन चालत नाही. तुमच्या शीटमध्ये रकमेचा एकच रकाना असेल, तर त्यात मर्यादा हवी आहे की शिल्लक, हे आधी विचारून घ्या.

आता एनबीएफसी, जिथे खरी जोखीम आहे. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीतल्या केंद्रांवरून वसुली येते, तुमच्या शाखांत भरली जाते, एका कलेक्शन खात्यात जमते आणि तिथून कंपनीच्या मुख्य खात्यात जाते. वसुली गोळा करणं हे पात्र काम आहे, करारही सहसा नीट असतो, आणि आतल्या गावांत तुमच्याइतक्या शाखा दुसऱ्या बँकेच्या नसतील तर अवलंबनही खरं आहे. इथपर्यंत सगळं उत्तम. पण शिल्लक का साचते ते पाहा. वसुली रोज मुख्य खात्यात जाणार असेल तर कलेक्शन खात्यात संध्याकाळी फारसं काही उरायला नको. उरत असेल तर त्याचं कारण असतं: उद्याच्या कर्जवाटपासाठी आधी आणून ठेवलेला पैसा, किंवा एखाद्या बँकेकडून नुकतंच उचललेलं कर्ज, जे वाटप होईपर्यंत तुमच्याकडे थांबलं आहे. पहिल्याचा काही भाग तरी मांडता येईल. दुसरा तर निखालस अतिरिक्त.

समजा शिल्लक ₹४० कोटी आणि कामापुरती गरज ₹६ कोटी. ६ चे २५ टक्के दीड कोटी, आणि ३४ कोटींना पूर्ण १०० टक्के. ओघ ₹३५.५ कोटी. सरसकट ऑपरेशनल लिहिलं असतं तर ₹१० कोटी. एका खात्याच्या एका शब्दामुळे ₹२५.५ कोटींची तफावत, आणि तेवढ्या सरकारी रोख्यांचा आधार कागदावर आहे पण प्रत्यक्षात नाही. तपासणीत नेमकं हेच खातं काढलं जातं. शिवाय वित्तीय कंपन्यांचे ट्रेझरीवाले बँकांच्या बातम्या सगळ्यांआधी वाचतात आणि सगळ्यांआधी पैसा हलवतात. १०० टक्के दर त्यांना उगाच दिलेला नाही.

नागरी सहकारी बँकेचं खातं जरा गुंतागुंतीचं आहे आणि आपल्या विदर्भात अशी खाती बरीच आहेत. परकीय चलनाच्या व्यवहारांसाठी दुसऱ्या बँकेने ठेवलेल्या, म्हणजे करस्पॉण्डंट बँकिंगच्या ठेवींना मानकाने ऑपरेशनलमधून स्पष्टपणे वगळलं आहे, त्यांना १०० टक्के. हे वाचून अनेक जण ‘बँकेची ठेव म्हणजे १००’ असं लिहून मोकळे होतात. पण सहकारी बँक जर तुमची सब-मेंबर असेल, म्हणजे तिचे चेक आणि एनईएफटी तुमच्यामार्फत देशांतर्गत व्यवस्थेत जात असतील, तर ते क्लिअरिंगचं नातं आहे, आणि त्या सेटलमेंट खात्यातला कामापुरता भाग पात्र ठरू शकतो. तिची रोजची क्लिअरिंगची देणी-घेणी तुमच्याकडेच नोंदलेली असतात, त्यामुळे खड्डा मोजणंही सोपं. मात्र तिने दुसऱ्या एखाद्या बँकेचंही सब-मेंबरपद घेतलं असेल, तर अवलंबनाची अट तिथेच पडते. आणि सेटलमेंट खात्यापलीकडे तिने तुमच्याकडे ठेवलेल्या गुंतवणुकीच्या एफडी किंवा पडून असलेली शिल्लक या कशातच बसत नाहीत.

शिक्षण संस्थेवर फार वेळ घालवायला नको. जून-जुलैत फी येते, शिल्लक फुगते, वर्षभर पगारात उतरते. बऱ्याच संस्थांचं बचत खातं असतं, त्यावर व्याज असतं, कधी खास दराचं, मग आमिषाची अट तिथेच तुटते. विश्वस्त संस्था, भागीदारी, एलएलपी अशा बिगर-वित्तीय संस्थांच्या ठेवींना आधी ‘इतर कायदेशीर संस्था’ म्हणून १०० टक्के लागत होते. रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२५ च्या सुधारणांनी ते १ एप्रिल २०२६ पासून ४० टक्के केले. तेव्हा पूर्वी ऑपरेशनल ठरवण्याचा जो मोठा मोह होता तो बराच ओसरला. त्याच सुधारणांनी इंटरनेट आणि मोबाइल बँकिंग चालू असलेल्या किरकोळ आणि लघुउद्योग ठेवींवर अडीच टक्के वाढीव रन-ऑफही लावला आहे, म्हणजे वर सांगितलेले ५ आणि १० आता ७.५ आणि १२.५ झाले. तरीही अडत्याचं खातं तिकडेच ठेवणं फायद्याचं.

सरकारी खाती तुमच्या यादीत नाहीत, पण पुढच्या महिन्यात येतील म्हणून सांगतो. तिथे पैसा घबराटीने नाही, आदेशाने हलतो. येस बँकेच्या प्रकरणानंतर मार्च २०२० मध्येच राज्य शासनाने आपल्या कार्यालयांना खाती राष्ट्रीयीकृत बँकांकडे नेण्यास सांगितलं होतं. खाजगी बँकेत काम करत असाल तर ‘सरकारी आहे, कुठे जातं’ असं समजू नका.

काय परिस्थितीवर अवलंबून आहे तेही सांगायला हवं. तुमच्या बँकेकडे या वर्गीकरणाला पर्यवेक्षकाची मान्यता आहे का, यावर सगळं उभं आहे. बँक म्हणते त्या प्रमाणात ही कामं खरंच चालतात का हे पर्यवेक्षकाने पाहावं, असं मानकातच आहे. मोजक्याच ग्राहकांकडून बहुतेक ऑपरेशनल ठेवी येत असतील, तर सवलत नाकारण्याची मुभाही आहे. कंपनीने कॅश क्रेडिट दुसऱ्या बँकेतून घेतलं असेल तर चालू खात्याबद्दलचे रिझर्व्ह बँकेचे नियम लागतात. त्या नियमांमुळे खातं तुमच्याकडे अडकलेलं असू शकतं, पण नियमाने अडकणं आणि कामासाठी अवलंबून असणं मी वेगवेगळं मोजतो. एनएसएफआर, म्हणजे स्थिर निधीचं गुणोत्तर, त्यातही हेच वर्गीकरण वापरतात. तिथे ऑपरेशनल ठेवीचे ५० टक्के स्थिर निधी म्हणून धरतात, वर्षाच्या आतल्या बिगर-वित्तीय कंपनीच्या ठेवीलाही ५०, पण सहा महिन्यांच्या आतल्या वित्तीय संस्थेच्या ठेवीला शून्य. म्हणजे पुन्हा बोट एनबीएफसीच्याच खात्याकडे.

आता शीट भरायची कशी. पहिल्यांदा तुमच्याच बँकेच्या संकेतस्थळावरचं एलसीआर प्रकटीकरण उघडा आणि सर्व प्रतिपक्षांच्या ऑपरेशनल ठेवींपुढे काय आहे ते पाहा. अनेक बँकांच्या तक्त्यात तिथे शून्य किंवा नाममात्र रक्कम असते. तुमच्याकडेही शून्य असेल, तर मुख्य कार्यालय अजून पद्धत तपासून पाहत आहे. अशा वेळी प्रत्येक ओळीपुढे ‘प्राथमिक अंदाज’ असं लिहून द्या आणि गणिताची फाइल सोबत जोडा. रक्कम दिसत असेल, तर त्यांनी मान्य केलेली पद्धत लेखी मागवा आणि माझी नाही, तीच वापरा. कारखान्याला वरच्यासारखी विभागणी करा. शिक्षण संस्थेला साधी ठेव लिहा. सहकारी बँकेचं सेटलमेंट खातं तिच्या बाकी खात्यांपासून वेगळ्या ओळीत काढा. आणि एनबीएफसीचा सही झालेला करार, त्यातलं नोटिशीचं कलम आणि बारा महिन्यांची उलाढाल हे तिन्ही टेबलावर येईपर्यंत तिच्या ऑपरेशनल रकान्यात शून्य भरा. शाखा कुरकुर करेल. करार सापडला की पुढच्या महिन्यात आकडा बदलता येतो, तेवढं त्यांना सांगा.